दुखण्याच्या तीन वाट्या

पहिला सगळा महिना माझ्या सासूबाईंचं दुखणं तीन होतं. सोमवारी तीन, मंगळवारी तीन, न्हाणीघरात पाय घसरता घसरता वाचला त्या दिवशी तीन, आणि शेजारच्या बारशाला जाऊन पोटभर गप्पा मारून आल्या त्या दिवशीही तीन. वहीच्या पानावर एकाखाली एक तीनच तीन, एखाद्या पोराला शिक्षा म्हणून लिहायला लावावेत तसे. अक्षर माझं आहे. आकडा त्यांचा.

त्यांना जाऊन आता आठ महिने झाले. वर्षावास चालू आहे. संध्याकाळी विहारातलं ग्रंथवाचन आटोपून घरी आले की मी एखादं पान लिहिते. कुणाला दाखवायचं म्हणून नाही. मला सावकाश लिहायची सवय आहे आणि त्यांच्याबद्दल घाईने लिहिलेलं मलाच आवडणार नाही.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. नात्याने त्या माझ्या आत्या नव्हत्या, पण आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. त्या मला लग्नाच्या आधीपासून मास्तरीन म्हणायच्या. मी वसमतला एका शाळेत मराठी शिकवते. माझे पती एसटीत वाहक आहेत, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस घरात आम्ही दोघीच असायचो. आत्याबाईंनी तीस वर्षं हळदीच्या गोदामात हळद निवडली. उकडून, वाळवून, ढोलात घासून पिवळीधमक झालेली हळद समोर ओतली जायची आणि बाया तिच्याभोवती बसून हाताने तिचे ढीग लावायच्या. लांब बोटांसारखी ती कांडी. गोल, गाठीसारखे ते गट्टू. आणि तुटकी, चाळणीतून खाली पडणारी ती कणी. आत्याबाईंना त्यासाठी खाली बघावं लागायचं नाही. तोंडाने शेजारणीशी भांडण आणि हाताने निवड, असं दोन्ही चालायचं.

तीस वर्षं जमिनीवर बसून कंबरेचे मणके झिजले आणि दोन्ही गुडघे गेले. काम सुटून बरीच वर्षं झाली होती. दुखणं मात्र रोज कामावर हजर.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही ते मनावर घेतलं, त्याला कारण झालं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आत्याबाईंना वाचनातून मध्येच उठावं लागलं होतं. आमच्या वस्तीत वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. वाचायला बहुतेक दिवस मी असते. बाया पांढरी लुगडी नेसून सतरंजीवर बसतात. आत्याबाईंना अक्षरओळख होती, पण वाचायचा कंटाळा. ऐकायचा कंटाळा कधीच नव्हता. त्यांची जागा पुढून तिसऱ्या ओळीत, खांबाच्या डाव्या हाताला, आणि ती जागा त्यांनी कधी सोडली नव्हती. त्या वर्षी भाद्रपदातल्या एका संध्याकाळी त्यांना बसवेना आणि उठवेना. दोघी-तिघींनी धरून उठवलं. कुणीतरी भिंतीकडून प्लास्टिकची खुर्ची सरकवली. आमच्या विहारात भिंतीला खुर्च्यांची एक ओळ असते. तिथे आजारी माणसं बसतात आणि ज्यांना ऐकू येत नाही तीही बसतात. आत्याबाई त्या खुर्चीवर बसल्या, प्रकरण संपेपर्यंत बसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. उरलेला दीड महिना त्यांनी घरी काढला. मी परत आले की एवढंच विचारायच्या, "कुठवर आलं?"

म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांनी मला सांगितलं, "यंदा मला शेवटपत्तोर बसायचंय. खाली. माझ्या जागी. डाक्टराला काय करायचं ते करू दे."

नांदेडहून दर गुरुवारी एक डॉक्टर वसमतला येत. जुन्या, बरी न होणाऱ्या दुखण्यांचंच त्या बघत. वयाने तरुण, बोलायला सावकाश. त्यांनी आत्याबाईंना तपासलं, फोटो बघितले आणि मग एक लांबट पुठ्ठा पुढे केला. त्याच्यावर आडवी रेघ, शून्यापासून दहापर्यंत खुणा आणि प्रत्येक खुणेवर एक गोल चेहरा. शून्याचा हसरा, दहाचा रडका.

"आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याच्याहून जास्त दुखूच शकत नाही. आज तुमचं किती?"

आत्याबाईंनी पुठ्ठा लांब धरला. "ह्या सातव्याला काय झालं बाई? दाढ दुखून राहिली का काय त्याची?"

"ते चेहरे सोडा. आकडा सांगा."

"तुमीच सांगा की. तपासलं तुमी."

"दुखतंय तुम्हाला, मी कसं सांगू?"

"माल आमचा ऱ्हायला तरी नंबर तुमी लावायचा. सौद्यात शेतकरी म्हनतो का माजी हळद एक नंबर हाय? बगणारा म्हनतो."

डॉक्टर हसल्या, पण पेन उचलून थांबून राहिल्या. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "घ्या, तीन."

डॉक्टरांनी मला एक वही ठेवायला सांगितली. रोज संध्याकाळी एक आकडा. एक ते तीन असेल तर सौम्य, चार ते सहा मध्यम, सातपासून पुढे तीव्र. गोळी तीच ठेवायची, बदलायची, की कंबरेत सुई द्यायची, ते वही बघून ठरणार होतं. मला हे फार आवडलं. मी शिक्षिका आहे. तक्ता आखून त्यात रकाने भरणं याच्याइतकं समाधान मला फार थोड्या गोष्टी देतात. घरी येताच मी पट्टी घेऊन बसले, लाल शाईने रेघा ओढल्या आणि वरती वळणदार अक्षरात तारीख, आकडा, वर्ग असं लिहिलं.

त्यानंतर ते तीन सुरू झाले.

मी विचारायची, "आत्याबाई, आज?" त्या लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "तीन." मी तीन लिहायची, पुढे सौम्य लिहायची. कधी मला शंका आली तर म्हणायची, "सकाळी तर उठवत नव्हतं तुम्हाला." त्यावर उत्तर ठरलेलं. "उठले ना मंग?"

शाळा उघडण्याआधी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला हिंगोलीला जायचं होतं. जायच्या सकाळी घाईत मी वही काढली आणि माझ्या नोकरीत कुठल्याही मुलाला मी माफ केली नसती अशी गोष्ट केली. आठवड्याचे उरलेले सगळे दिवस मी एकदमच भरून टाकले. तीन, सौम्य. तीन, सौम्य. तीन, सौम्य. तसंही दुसरं काय होणार होतं? मी रविवारपर्यंत भरलं, कारण पान रविवारी संपत होतं.

प्रशिक्षणाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. डॉक्टरांनी वही चाळली, शेवटच्या पानावर थांबल्या.

"ताई, आज गुरुवार ना?"

"हो."

"मग हे शुक्रवार, शनिवार, रविवारचं दुखणं लिहिलेलं आहे."

 बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं पकडलेलं नव्हतं. आत्याबाईंना मात्र मनापासून आनंद झाला. "आमची मास्तरीन लई हुशार हाय डाक्टरीन बाई. दुखायच्या आदीच लिहून ठेवती. मला काई तरासच न्हाई."

डॉक्टरांनी वही मिटली. "वहीप्रमाणे सौम्य आहे," एवढंच म्हणाल्या. "सौम्य असेल तर आहे तीच गोळी पुरे. आजी, या टेबलावर झोपा बरं जरा."

त्या झोपल्या. पण उठायची वेळ आली तेव्हा उठता येईना. आधी एका कुशीवर वळल्या, मग कोपर टेकलं, मग माझा खांदा धरला. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. वर पंखा चालू होता तरी कपाळावर घाम आला. पाय जमिनीला लागले तेव्हा त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पदर सारखा केला.

"आता किती, आजी?"

"तीन."

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. "आजी, तीन म्हणजे काय हो?"

आत्याबाई पायाने चपला शोधायला लागल्या. डॉक्टरांनी मला सांगितलं, "ताई, पंधरा दिवस आकड्याचं राहू द्या. रोज काय करता आलं आणि काय करता आलं नाही, ते बघा. तेवढं घेऊन या."

परतताना ऑटोत मी विचारलं, "खरंच आत्याबाई, तीन म्हणजे काय?"

त्या रस्त्याकडे बघत होत्या. हळदीच्या पोत्यांचा एक ट्रक आमच्या पुढे चालला होता. "गोदामात सकाळी मुकादमीन विचारायची," त्या म्हणाल्या. "कोनाचं काय दुखून राहिलं? लई दुखतं म्हनलं तर घरी जा म्हनायची. दिवस बुडाला. काईच दुखत न्हाई म्हनलं तर पोती वडायला लावायची. मंग आमी सगळ्या म्हनायचो, जरासं. जरासं म्हनलं का बसायचं काम भेटायचं. निवडायचं."

"म्हणजे तीन म्हणजे जरासं?"

"व्हय. बसायच्या कामापुरतं."

 एका महिन्याच्या तीसही दिवसांना त्यांनी मुकादमिणीला दिलेलं उत्तर दिलं होतं. आणि मी त्याच्यापुढे सुवाच्य अक्षरात सौम्य, सौम्य असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी काय करता आलं याची चौकशी सुरू केली. भाकरी किती थापल्या? पाणी भरलं का? बसून उठताना कशाला धरलं? त्या दोन दिवसांत वैतागल्या. "मास्तरीन, माजा पेपर तपासून राहिली का तू?"

तिसऱ्या दिवशी त्या ओसरीत वर्षाची हळद निवडत बसल्या होत्या. आम्ही हळद अख्खीच आणतो आणि लागेल तशी दळून घेतो. समोर सूप होतं. मी वही घेऊन आले तर त्यांनी सुपातून एक लांब कांडी उचलली आणि बाजूच्या स्टीलच्या वाटीत टाकली. खणकन आवाज झाला.

"घे. आजचा दिवस कांडी."

"म्हणजे?"

"म्हंजे सरळ. माज्या मनानं उठले, माज्या मनानं बसले. भाकरी केल्या. मदी कोनाला हाक मारली न्हाई."

"आणि कालचा?"

त्यांनी जरा विचार केला आणि गट्टू उचलून दुसऱ्या वाटीत टाकला. "काल गट्टू. दिवस निघाला, पर गोल गोल फिरून. एकदा बसलं का तितंच. वाटी इकडं दे, तांब्या इकडं दे, तुज्या नवऱ्याला दहा हाका. भाकरी न्हाई झाली, भात टाकला."

"आणि कणी?"

"कनी तुला म्हाईत हाय. पडून ऱ्हाते, भिताडाकडं तोंड करून, आन् तू विचारलं का तीन म्हनते."

तीन वाट्या फळीवर ठेवल्या गेल्या. रोज संध्याकाळी त्या स्वतः उठून, नाहीतर मला सांगून, एकीत एक तुकडा टाकायच्या. मी तिकडे वहीत लिहायची. आकडा विचारायचा मोह मला सुटला नाही. वाटीत तुकडा पडला की मी हळूच विचारायची, "आणि आकडा?" आणि काय आश्चर्य, आकडे हलायला लागले. कांडीच्या दिवशी त्या एक किंवा दोन म्हणायच्या. गट्टूच्या दिवशी तीन. कणीच्या दिवशी चार, आणि फक्त एकदा, सारा दिवस डोळे मिटून काढला तेव्हा, पाच. तुकडा हातात असला की मुकादमीण मध्ये येत नव्हती.

आमची शेजारीण, जिला सगळी गल्ली मावशी म्हणते, आत्याबाईंच्याच गोदामात होती. तीही त्या डॉक्टरांकडे जायची. तिने वाट्या बघितल्या आणि ती खो खो हसली. "माज्या दोन वाट्या उचलून ठेव माय. माजी नुसती कनीच. मी तर डाक्टराला नऊ सांगते."

"नऊ?" आत्याबाई म्हणाल्या. "आन् परवा वरातीत कोन नाचत होतं मंग?"

"ते नऊमदीच नाचले मी. दुखत न्हवतं तर बगायची होतीस!"

पंधरा दिवसांनी आम्ही गेलो. माझ्याजवळ वही होती आणि पिशवीत तीन पुड्या, कारण आत्याबाई म्हणाल्या, मालाचा नमुना न दाखवता सौदा होत नाही. त्यांनी तिन्ही पुड्या टेबलावर सोडल्या. मी डॉक्टरांना कांडी, गट्टू, कणी समजावून सांगितलं. मग माझी अडचण सांगितली. छापील तक्त्यात सौम्य तीनपर्यंत आणि मध्यम सहापर्यंत. आत्याबाईंचा अख्खा जीव मात्र एक ते पाचात. त्यांच्या चारला त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात आणि मावशींच्या नऊला मावशी वरातीत असतात. मग चारला मध्यम कसं लिहायचं? आणि मी माझ्या मनाने रेघ सरकवली तर ती लबाडी नाही का? मी जन्मभर पस्तीसच्या रेघेवर मुलं पास-नापास केली आहेत. एका गुणासाठी कुणाचं वर्ष गेलं तरी रेघ हलवली नाही.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "तक्त्यातली रेघ खोटी नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ माणसं बघून कुणीतरी ती आखली आहे. पण ती आखताना त्यांनीही हेच विचारलं असणार, की कोणत्या आकड्याला माणसाचं काम थांबतं. आजींचं काम चारला थांबतं." त्यांनी माझ्याच वहीत, माझ्याच लाल रेघांवर, निळ्या पेनने दोन नव्या रेघा मारल्या. एक दोननंतर, एक तीननंतर. चारच्या आकड्यासमोर लिहिलं, तीव्र.

आत्याबाईंना तो शब्द वाचता आला. त्या खुर्चीत एकदम ताठ झाल्या. "म्हंजे आता मला घरी धाडता का काय?"

मला हसू आलं नाही. डॉक्टरांना गोदामाची गोष्ट मी नुकतीच सांगितली होती. त्या आत्याबाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "घरी कशाला? बसायचं काम देते."

गोळ्या बदलल्या. सकाळ-संध्याकाळ करायचे चार व्यायाम, गरम पाण्याचा शेक, कंबरेला पट्टा. सुईचं पुढे बघू, असं ठरलं. मी मुद्दाम विचारलं की वर्षावासात तासभर खाली बसलं तर चालेल का. डॉक्टर म्हणाल्या, चांगल्या दिवशी अर्धा तास खाली, मग उठून उभं राहायचं. मधल्या दिवशी खुर्ची. वाईट दिवशी घरी.

"खुर्चीचं सोडून बोला," आत्याबाई म्हणाल्या.

"तेच सोडून बाकी सगळं ऐकणार?"

"बाकी समदं बराबर हाय."

आषाढी पौर्णिमेला कांडी होती. त्या पांढरं लुगडं नेसून माझ्याआधी विहारात पोचल्या आणि खांबाजवळच्या आपल्या जागी बसल्या. मी वाचत होते, तरी एक डोळा त्यांच्यावर होता. अर्ध्या तासाने खांबाला धरून उठल्या, जरा उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्या आठवड्यातही वाटीत कांडी, कांडी, कांडी. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. मग एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. कणी. पुन्हा दोन दिवस कांडी, आणि पुन्हा कणी. मधले गट्टू कुठे गेले, हे मला कळेना.

ते मला वहीने सांगितलं. त्या संध्याकाळी विहारात जायच्या आधी त्यांनी वाटीत कांडी टाकली. मी सवयीने विचारलं, "आणि आकडा?" त्या लुगड्याच्या निऱ्या काढत होत्या. लक्ष नव्हतं. म्हणाल्या, "तीन."

मी वही उघडून मागे गेले. कांडी, तीन. कांडी, तीन. सहा दिवस असे होते. मी ते माझ्या हाताने लिहिलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांनी मधल्या दिवसाला खुर्ची सांगितली होती, म्हणून मधला दिवसच नाहीसा झाला होता.

कसं सांगावं ते मला सुचेना. मी त्यांना आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते. निदान मोठ्याने नाही. मी फळीवरून वाटी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"आत्याबाई, कांडीत गट्टू मिसळलाय."

त्यांचे हात निऱ्यांवरच थांबले. मी ते बोलायला नको होतं असं मला तेव्हाच वाटलं. गोदामात एखाद्या बाईच्या ढिगात भेसळ निघाली तर ती सगळ्यांदेखत परत निवडायला लावत, आणि ते दुसरीच्या बाबतीत झालेलं मी त्यांच्याच तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं.

"तीस वर्सं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता. "तीस वर्सं निवडली म्या. माज्या ढिगात येक गट्टू घावला न्हाई कोनाला."

"माहीत आहे मला."

त्यांनी वाटीकडे बघितलं. मग ती माझ्या हातातून घेतली, खाली ओट्यावर उपडी केली आणि तुकडे मोजत, आठवत, एक एक करून निवडायला लागल्या. हा मंगळवार. हा पाऊस होता तो. हा विहारात एका बाईने प्रश्न विचारून विचारून वेळ खाल्ला तो. सहा कांड्या त्यांनी बाजूला काढल्या, पिशवीतून सहा गट्टू मोजून मधल्या वाटीत टाकले. सातवा त्या दिवसाचा.

"चल," त्या म्हणाल्या. "उशीर व्हतो."

विहारात आम्ही शिरलो तेव्हा बाया बसल्या होत्या. आत्याबाई भिंतीकडे गेल्या. मला वाटलं, आता तिथे, त्या ओळीत बसतील, आणि उद्यापासून येणार नाहीत. त्यांनी एक खुर्ची पाठीकडून धरली आणि ओढत, फरशीवर खरखर आवाज करत, बायांच्या मधून वाट काढत पुढे आणली. तिसऱ्या ओळीत, खांबाच्या डाव्या हाताला, आपल्या जागेवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

मागून मावशीचा आवाज आला. "अगं उंटासारखी काय मदीच बसली? आमाला काईच दिसंना."

"काय बगायचंय तुला?" आत्याबाईंनी मान न वळवता विचारलं. "ऐकायचंच हाय ना? कान झाकले का म्या तुजे?"

सगळा विहार हसला. मीही हसले, ग्रंथ उघडा धरून. मग त्यांनी मला हात केला. "वाच, मास्तरीन."

त्या वर्षी त्या आश्विन पौर्णिमेपर्यंत बसल्या. कांडीला खाली, गट्टूला खुर्चीवर, कणीला घरी. कणीच्या दिवशी मी परत आल्यावर त्यांच्या उशाशी बसून ते पान पुन्हा वाचायची. विहारापेक्षा मला तेच वाचन जास्त जमायचं. दुखणं गेलं नाही. कणी थोडी कमी झाली एवढंच, आणि जी होती ती खरी होती. समारोपाच्या दिवशी खिरीचं पातेलं फिरत असताना मी बघितलं तर आत्याबाईंच्या शेजारी आणखी एक खुर्ची होती. तिच्यावर मावशी होती. नऊ असताना किती दिवस खाली बसायचं, असं ती सगळ्यांना सांगत होती.

महिना संपला की वाट्यांतली हळद एकत्र करून दळायला जायची. पहिल्या महिन्यात मी त्या पुड्या तशाच जपून ठेवायला निघाले होते, तर त्या रागावल्या. "दुखलं म्हनून काय हळद वाया गेली का? वरनात टाक." तेव्हापासून आम्ही त्यांचे दिवस जेवणातून खात आलो. चवीत काही फरक नव्हता.

पुढचा वर्षावासही त्यांनी पुरा केला. त्यानंतरच्या पौषात एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या गेलेल्या होत्या. एका कुशीवर, हात गालाखाली. गल्लीजवळचे डॉक्टर बघायला आले, ते म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच. लोक आले, गेले. माझे पती फार रडले. मला दोन दिवस काही झालं नाही. मी सगळ्यांना जेवायला वाढत होते.

तिसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी फळीपाशी गेले. मला एकच प्रश्न पडला होता आणि तो कुणाला विचारता येण्यासारखा नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांना किती दुखलं? मी शाळेतून उशिरा आले होते. तुकडा त्यांनीच टाकला होता. मी आकडा विचारला नव्हता. वहीत त्या दिवसापुढे जागा रिकामी होती.

आदल्या दिवशीपर्यंतचे तुकडे वहीत होते. मी तिन्ही वाट्या ओतून एक एक मोजले. कणी तेवढीच भरली. गट्टू तेवढेच भरले. कांडी एक जास्त होती.

मी त्या कांड्या एकेक करून उजेडाला धरून बघितल्या. सगळ्या लांब, सरळ. वहीतही कुठल्याच कांडीपुढे तीन नव्हता. एकही गट्टू मिसळलेला नव्हता. मग मी पट्टी घेतली, रकाना नीट आखला आणि तारखेपुढे लिहिलं, कांडी. आकड्याची जागा तशीच ठेवली. माझ्या मनाने भरायची नाही, एवढं मला आता कळतं.

ती हळद मी दळून आणली. पुरवून पुरवून वापरली. गेल्या आठवड्यात संपली.